डिमेन्शिया झालेल्या सासऱ्यांना दिवसभर गुंतवायचं कसं? – माझं सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दोन ओळीत उत्तर देण्यासारखा नाहीये म्हणून सवडीने लिहितेय, तुम्हीही सवडीने वाचा.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ताईंचे सासरे, घरात सगळे अण्णा म्हणतात, वय ७९. एसटीत कंडक्टर होते, ठाण्यात खोपट डेपोला, रिटायर होऊन २१ वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं, म्हणजे डिमेन्शियाच्या (विस्मरणाच्या आजाराच्या) एका प्रकाराचं, निदान झालं आणि मागच्या वर्षी खोपटची जुनी खोली सोडून सगळे घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहायला आले. अण्णा पहाटे चारला उठतात, शर्ट-पँट चढवून दाराशी उभे राहतात, "गाडी लागली असेल" म्हणतात. ब्युरोतून एक मावशी ठेवल्यात, त्या स्वभावाने चांगल्या आहेत, पण आंघोळीच्या वेळी अण्णांनी त्यांच्यावर हात उगारला. मावशी त्यांना लहान मुलांची चित्रं रंगवायला देतात तर वही भिरकावून देतात. बाथरूमला जाताना कपडे ओले होतात म्हणून डायपर सुरू केलाय, तो ओढून काढतात. संध्याकाळी पाचनंतर तर घरात नुसत्या येरझाऱ्या. डॉक्टरांनी शांत राहायची गोळी सुचवलीय. आणि ताईंचा प्रश्न असा की त्यांना बिझी ठेवायला कुठल्या अॅक्टिव्हिटी द्यायच्या, एखादी यादी मिळेल का.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारपणातही माणसाला रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी, गेली १७ वर्षं ठाणे आणि नवी मुंबईत घरोघरी जाऊन ज्येष्ठांचंच काम करते. यादी मी देऊ शकते, पाच मिनिटांत लिहून होईल, पण ती तुमच्या उपयोगाची नाही. कारण तुमची खरी अडचण अॅक्टिव्हिटीची नाहीच असं मला वाटतं. तुम्ही जे जे लिहिलंय ना, पहाट, आंघोळ, रंगाची वही, डायपर, त्या प्रत्येक ठिकाणी घरातलं कोणीतरी "डिमेन्शियाच्या पेशंटशी" वागतंय आणि समोर उभा आहे एसटीचा कंडक्टर. त्याला कळतंय की आपल्याशी कोणीतरी भलतंच समजून वागतंय. शब्दात सांगता येत नाही, म्हणून मग हात उगारला जातो.

आधी दोन वैद्यकीय गोष्टी, कारण त्या राहिल्या तर पुढचं सगळं फुकट जातं. संध्याकाळची ही अस्वस्थता महिनोन्महिने हळूहळू वाढत आली असेल तर वेगळं, पण गेल्या आठ-दहा दिवसांत एकदम वाढली असेल तर ते आजाराच्या खात्यावर टाकून गप्प बसू नका. लघवीचं इन्फेक्शन, पोट साफ नसणं, कुठेतरी दुखणं, सोडियम कमी होणं, नवीन सुरू केलेलं एखादं औषध, यातलं काहीही या वयात माणसाला दोन दिवसांत पूर्ण गोंधळून टाकतं आणि त्यावर उपचार होतो. चष्म्याचा नंबर आणि कानातला मळ हेसुद्धा बघून घ्या. दुसरं म्हणजे ती गोळी. नाव तुम्ही लिहिलं नाहीये, पण रिस्पेरिडोन, क्वेटियापिन या जातीतली असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा की किती दिवस द्यायची आणि कमी कधी करायची. डिमेन्शिया झालेल्या ज्येष्ठांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियंत्रण संस्थेने, २००५ सालीच दिलाय. औषध कधीच नको असं मी म्हणत नाही, काही घरांत त्याशिवाय रात्र निघत नाही हे मी पाहिलंय. पण आंघोळ चुकीच्या पद्धतीने घालायची आणि मग चिडले म्हणून गोळी द्यायची, हा क्रम मला मान्य नाही.

आता मुख्य गोष्ट. अल्झायमरमध्ये मेंदूचा जो भाग नवीन आठवणी नोंदवतो त्याच्यावर सहसा सगळ्यात आधी घाव बसतो. म्हणून सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, मागच्या वर्षी घर बदललं हे तर अजिबात नाही. पण वर्षानुवर्षं हातांनी केलेली कामं, अंगात मुरलेल्या सवयी, त्या मेंदूत दुसरीकडे असतात आणि खूप उशिरापर्यंत टिकतात. आणि भावना टिकतात. मावशी काय बोलल्या ते अण्णा दहा मिनिटांत विसरतील, पण त्यांनी मला लहान पोरासारखं केलं ही टोचणी तासन्‌तास राहते, कारण काय ते न कळता राहते. अर्थात हे अल्झायमरचं सांगतेय. डिमेन्शियाचे बाकीचेही प्रकार आहेत, काहींमध्ये स्वभावच आधी बदलतो, तिथे जुना माणूस शोधत बसलं तर घरच्यांनाच त्रास होतो. तुमच्याकडे निदान स्पष्ट आहे म्हणून मी हे ठामपणे लिहितेय.

माझ्या सुरुवातीच्या दिवसातली एक गोष्ट सांगते. वर्तकनगरला एक आजोबा होते, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात आयुष्यभर फिटर. मी कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेले, बॅगेत रंगीत रिंगा आणि मणी. पहिल्या दिवशी मी त्या रिंगा त्यांच्यासमोर ठेवल्या, त्यांनी एक एक उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवली आणि खिडकीकडे बघत बसले. तीन आठवडे मी फाइलमध्ये "सहकार्य नाही" लिहीत होते, मला आजही ते शब्द लिहिल्याचं वाईट वाटतं. मग एकदा लक्षात आलं की ते बसल्या बसल्या खिडकीच्या कडीचा स्क्रू अंगठ्याने चाचपत असतात. पुढच्या वेळी जाताना हार्डवेअरच्या दुकानातून नट, बोल्ट, वायसर असं मिसळलेलं किलोभर सामान घेऊन गेले. त्यांनी आधी पेपर मागितला. पेपर टेबलावर पसरला, चारी कडा नीट दुमडल्या म्हणजे सामान घरंगळणार नाही, मग डबा ओतला. बोलत नव्हते, पण हात असे चालायला लागले की मी बघतच राहिले. नट घ्यायचा, बोल्टवर दोन फेरे द्यायचे, उतरवायचा, आपल्या ढिगात ठेवायचा, चार सुताचे इकडे, तीन सुताचे तिकडे. एक बोल्ट हातात घेऊन थांबले, माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "थ्रेड गेलाय. हा परत पाठव." एवढ्या दिवसांतलं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. तो बोल्ट मी दुकानदाराला नेऊन दाखवला, खरंच आटे गेलेले होते.

त्या दिवसापासून मी कुठल्याही घरी पहिल्या दोन भेटीत काहीच "करवून" घेत नाही. फक्त विचारते आणि बघते. टॉम किटवुड नावाचे ब्रिटिश अभ्यासक होऊन गेले, ब्रॅडफर्ड विद्यापीठात होते, १९९८ साली गेले. डिमेन्शियाच्या माणसातलं माणूसपण आजूबाजूच्यांच्या वागण्यातून कसं पुसलं जातं यावर त्यांनी काम केलं आणि तसं वागण्याचे १७ प्रकार नोंदवून ठेवले. त्यात मारहाण वगैरे सोडा, अगदी साध्या गोष्टी आहेत, लहान मुलासारखं बोलणं, माणसासमोर त्याच्याबद्दल तिसऱ्याशी बोलणं, त्याला झेपणार नाही इतक्या भरभर बोलणं आणि हलवणं, त्याच्या हातातलं काम काढून घेणं. आणि हे करणारे बहुतेक लोक प्रेमळच असतात, मुद्दाम कोणी करत नाही, हेही त्यांनी लिहिलंय. म्हणून मावशींना दोष देऊ नका. "चला बाळा, तोंड धुऊ या" हे त्या मायेनेच म्हणत असणार. पण ज्या माणसाने ५५ प्रवाशांच्या गाडीत उभं राहून हिशोब ठेवला त्याला बाळा कसं चालेल. अण्णा, किंवा कंडक्टरसाहेब, आणि अहो-जाहो. एवढा एकच बदल आठवडाभर करून बघा.

पहाटे चारचं घ्या. तुम्ही लोक काय करताय, "अण्णा, तुम्ही रिटायर झालात, झोपा." त्यांच्या हिशोबाने तुम्ही त्यांना पहिल्या गाडीवरून उतरवताय, आणि पहिली गाडी चुकली तर कंडक्टरवर रिपोर्ट होतो. खोटं बोला असं मी सांगत नाही, मला स्वतःला रचून रचून थापा मारणं पटत नाही. पण त्यांना विचारता येतं ना, "पहिली गाडी कुठली अण्णा? किती वाजता सुटते? चहा घेऊन निघता का?" चहा द्या, कडक हवा असणार, आणि बशीतून पीत असतील तर बशीतूनच, कपच घ्या असा हट्ट नको. मग जमत असेल तर तुमच्या मिस्टरांनी त्यांच्यासोबत खाली गेटपर्यंत चक्कर मारून यावी. मी दोन-तीन घरांत पाहिलंय, चक्कर मारून आलं की माणूस आपणहून आडवा होतो. पण हे परिस्थितीवर आहे, घरात पहाटे उठणारं कोणी नसेल, मिस्टरांची रात्रपाळी असेल, तर रोज शक्य नाही, आणि ते तुम्ही एकटीने ओढू नका. दोन दिवसाआड झालं तरी चालेल. वॉचमनशी अण्णांची नीट ओळख करून द्या, "सांभाळा हो, यांना काही कळत नाही" अशी नको, "हे आमचे अण्णा, एसटीत होते" अशी. शर्टाच्या खिशात नाव आणि तुमचा फोन नंबर असलेला कागद कायम असू द्या, आणि दाराला वरच्या बाजूला एक कडी. माणसाचा मान राखायचा म्हणजे त्याला एकट्याला घोडबंदर रोडवर सोडायचं असं नाही, तिथली वाहनं तुम्हाला माहितीयेत.

आंघोळ. अनोळखी बाई, बंद खोली, अंगावरचे कपडे काढतेय, आणि वरून शॉवरचं पाणी डोक्यावर. यात हात कोण उगारणार नाही? खोपटच्या खोलीत ते मोरीत बसून बादलीतून तांब्याने आंघोळ करत असणार, तुम्हीच मला सांगा. तर शॉवर बंद. स्टूल, बादली, तांब्या, जमला तर त्यांचा जुनाच. कमरेला पंचा राहू द्या, तो ओला झाला तर झाला. पाणी आधी पायावर, मग गुडघ्यावर, डोकं सगळ्यात शेवटी किंवा त्या दिवशी नाहीच. साबण त्यांच्या हातात द्या, पाठ फक्त मावशींनी चोळावी. रोज आंघोळ झालीच पाहिजे असंही नाही, एखाद दिवस अंग पुसून चालतं. आणि शक्य असेल तर आंघोळीपुरता तासभर पुरुष अटेंडंट मिळतो का बघा, ब्युरोला विचारा, काही जण तासावरही येतात.

डायपरचं मला जरा जास्त बोलायचंय. त्यांना लघवी कळत नाही असं कोणी तपासून सांगितलंय का? की नवीन फ्लॅटमध्ये त्यांना संडास सापडत नाही? तुमच्याकडे बेडरूम, बाथरूम, स्टोअर सगळ्यांची दारं एकाच रंगाची आणि सगळी बंद असणार, टॉवरमध्ये तशीच असतात. जुन्या घरी त्यांना अंधारातही वाट माहिती होती. बाथरूमचं दार दिवसरात्र उघडं ठेवा, आत लहान दिवा चालू, दारावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलेली पाटी, पांढऱ्या कमोडवर गडद रंगाची सीट. दर दोन तासांनी आणि जेवणानंतर "अण्णा, गाडी सुटायच्या आधी जाऊन या" म्हणून आठवण. मी पाहिलेल्या बऱ्याच घरांत दिवसाचा डायपर एवढ्यानेच सुटला, रात्रीचा राहिला. सगळ्यांचा सुटेल असं नाही. पण बाईमाणसाला सोयीचं पडतं म्हणून तो लावला जात असेल तर ते ओढून काढणं ही त्यांची तक्रार आहे, आजाराचं लक्षण म्हणून लिहू नका.

कपड्यांवरून आठवलं, घणसोली गावठाणातल्या एक आगरी आजी. सुनांनी सोयीसाठी गाऊन घातला, तर आजी सारखा काढून टाकायच्या. घरात पाहुणे, नातू, आणि आजी तशाच बसलेल्या, सगळ्यांना मेल्याहून मेल्यासारखं. "आई कपडे काढते" म्हणून मला बोलावलं. मी मोठ्या सुनेला विचारलं की आधी काय नेसायच्या, तर म्हणाली जन्मभर लुगडं, दुसरं काही अंगाला लागलंच नाही. मग आम्ही जुन्या मऊ लुगड्याची शिवलेली नऊवारी करून घेतली, कमरेला इलास्टिक, बाथरूमला जाताना सोपी पडेल अशी. नेसवल्यावर आजींनी आधी कंबर चाचपली, मग मागे हात नेऊन कासोटा चाचपला, आणि पदर खांद्यावरून ओढून घेतला. नंतर कपडे काढायचं बंद झालं. आजी कपडे काढत नव्हत्याच, त्या गाऊन काढत होत्या.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल की जुना माणूस शोधायचा आणि तसंच सगळं करायचं. तिथेही एक अडचण येते, ती सांगायलाच हवी. नौपाड्यात एक काका होते, माळकरी, पन्नास वर्षं गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा नाही. आजार वाढल्यावर एकदा नातेवाइकांकडे कार्यक्रमात त्यांनी शेजारच्या ताटातला मटणाचा तुकडा उचलून खाल्ला आणि आवडीने खाल्ला. मग घरी मागायला लागले. मुलगी म्हणाली द्या, आता त्यांना यातच आनंद आहे. मुलगा म्हणाला शुद्धीत असते तर त्यांनी प्राण गेला तरी खाल्लं नसतं. दोघांचंही वडिलांवर प्रेम, दोघंही रडले माझ्यासमोर. मी काय सांगणार? मी त्यांना माझा विचार सांगितला तो इथेही सांगते. आवडीनिवडी बदलल्या तर आजच्या माणसाचं ऐकावं, गोड आवडायला लागलं, रंगीत शर्ट आवडायला लागला, ज्यांच्याशी कधी पटलं नाही त्या शेजाऱ्यासोबत बसायला आवडायला लागलं, तर बसू द्यावं. पण जे त्यांनी समजून उमजून व्रत म्हणून धरलं होतं ते आपण त्यांच्या वतीने सांभाळावं, जोवर त्याने त्यांचे हाल होत नाहीत तोवर. त्या घराने मटण दिलं नाही, पण त्यांच्यासमोर कोणी खाल्लंही नाही आणि मागितलं म्हणून कधी रागावलेही नाहीत, सोयाबीनची तिखट भाजी करायचे, काका ती खायचे. दुसऱ्या घराने वेगळं ठरवलं असतं तर मी त्यांनाही चूक म्हटलं नसतं.

म्हणून अण्णांना कायम कंडक्टरच करून ठेवू नका. ते कोणाचे तरी धाकटे भाऊ असतील, भजनाला बसत असतील, पत्ते खेळत असतील, भांडखोर असतील. तुमच्या मिस्टरांना सगळं माहिती असतं असं नाही, मुलांना वडील अर्धेच माहिती असतात. खोपटचे जुने शेजारी, डेपोतले सोबती, गावाकडची बहीण, यांना फोन करा. कशाला भ्यायचे, कशाने हसायचे, कोणत्या नावाने हाक मारायचे. मग ते सगळं एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा, एकच पान, मावशी बदलली तरी नवीन बाईला पहिल्या दिवशी वाचता येईल असं, तिला मराठी वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. काय म्हणून हाक मारायची, चहा कसा, आंघोळ कशी, काय बोललेलं चालत नाही, पत्नीचा विषय निघाला तर काय म्हणायचं. त्या गेल्या हे त्यांना रोज नव्याने सांगू नका, दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा धक्का बसतो. "आठवण येतेय का? काय करायच्या त्या छान?" असं विचारा. आणि येणाऱ्या पाहुण्यांना बजावून ठेवा की "ओळखलंत का, मी कोण सांगा" ही परीक्षा घ्यायची नाही. यायचं आणि स्वतःचं नाव सांगायचं.

निर्णयात त्यांना धरा. दोन शर्ट पुढे करा, "हा की हा?" यापेक्षा जास्त पर्याय नको, गोंधळ होतो. विचारल्यावर थांबा, मनात दहापर्यंत मोजा, उत्तर येतं, आपणच घाई करतो. आणि ज्यांच्या घरी नुकतंच निदान झालंय त्यांनी आत्ताच विचारून घ्या की पुढे काय हवं काय नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, समज शाबूत असताना पुढच्या उपचारांबद्दलच्या आपल्या इच्छा लिहून ठेवायची सोय आहे. अण्णांच्या बाबतीत बहुतेक ती वेळ गेलीय, पण पसंती ते अजून दाखवतात, भिरकावलेली वही ही पसंतीच आहे.

आता संध्याकाळ, तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास होतो ती वेळ. दिवस मावळायला लागला की हा गोंधळ बऱ्याच जणांत वाढतो, थकवा, अंधुक उजेड, सावल्या अशी कारणं असतात, म्हणून साडेचारलाच घरातले सगळे दिवे लावा आणि दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त होऊ देऊ नका. पण अण्णांच्या बाबतीत मला आणखी एक शंका आहे. तुम्ही लिहिलंय की ते येरझाऱ्या घालताना सारखे खिसे चाचपतात आणि "भरायचंय, भरायचंय" म्हणतात, आणि तुम्ही त्यांना पाणी भरायचं नाहीये असं समजावता. ताई, ड्यूटी संपली की कंडक्टर आधी डेपोत जाऊन दिवसाची कॅश भरतो, वेबिलाचा, म्हणजे विकलेल्या तिकिटांच्या नोंदीच्या कागदाचा, हिशोब देतो, ते झाल्याशिवाय त्याला घरी जाता येत नाही. माझ्या मते ते रोज संध्याकाळी पैसे भरायला जागा शोधतायत.

करून बघा. एक जुनी चामड्याची पिशवी, खांद्याला अडकवायची. त्यात खरी चिल्लर, शंभर-सव्वाशे रुपयांची, खेळण्यातली नाही, ती त्यांना लगेच कळेल. सोबत कोणीतरी बसलेलं हवं, आणि नाणं तोंडात घालायला लागले तर हा प्रयोग लगेच बंद. पाचच्या सुमारास टेबलावर दिवा लावा, नातू मोठा असेल तर त्याला समोर बसवा, वही-पेन घेऊन. अण्णांना नाणी लावू द्या, रुपयाची, दोनाची, पाचाची, चुकली तर चुकू देत. मग नातवाने वहीत रक्कम लिहायची, अण्णांची सही घ्यायची, आणि म्हणायचं, "बरोबर आहे अण्णा, भरणा झाला. ड्यूटी संपली, आता घरी."